घोडा ई२ला का गेला?

बुद्धिबळात पटावरच्या प्रत्येक घराला उभ्या ओळीचं, म्हणजे फाईलचं, अक्षर आणि आडव्या ओळीचा आकडा मिळून नाव असतं. ई४, सी५. घोडा एफ३, डी६. डी४, मग सीचं प्यादं डीचं प्यादं घेतं, घोडा ते परत घेतो. घोडा एफ६, घोडा सी३ आणि मग जी६. सिसिलियन बचावातल्या ड्रॅगन या ओपनिंगपर्यंत, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव मांडणीपर्यंत, पोहोचायला एवढ्या पाचच चाली लागतात. सरावातल्या दोन खेळाडूंच्या हातून त्या मिनिटभरात होऊन जातात. पण ते जीचं प्यादं एक घर सरकलं की पटाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांना पुढचे दोन तास कसे जाणार हे कळून चुकतं. पांढरा वजिराच्या बाजूला किल्लेकोट करणार, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा आडोशाला नेणार, काळा राजाच्या बाजूला. पांढरा एचचं प्यादं दामटत आणून काळ्या राजासमोरची फाईल उघडणार, काळ्या घरांवरच्या उंटांची मारामारी करणार आणि वजीर एच६ला आणून मात शोधणार. काळा सी फाईलवर हत्ती आणणार, जी७वरच्या उंटाची तिरपी रेघ पांढऱ्या राजाच्या अंगणापर्यंत मोकळी करणार आणि संधी मिळताच सी३वर हत्ती देऊन टाकणार. ज्याची मात आधी, त्याचा डाव.

बुद्धिबळात इतका उघड बेत फार कमी ओपनिंगांमध्ये असतो. फ्रेंच किंवा कारो-कान बचाव खेळताना तीस चाली झाल्या तरी समोरच्याला नक्की काय हवंय याचा पत्ता लागत नाही. ड्रॅगनमध्ये दोघांचेही हेतू पटावर मांडलेले असतात. प्रश्न उरतो तो फक्त वेगाचा, एका चालीच्या अंतराचा.

रशियन खेळाडू फ्योदोर दुस-खोतिमिर्स्की यांना आकाशनिरीक्षणाचाही नाद होता. डी६, ई७, एफ७, जी६, एच७ ही काळ्या प्याद्यांची वळणावळणाची ओळ पाहून त्यांना कालेय (ड्रॅको, म्हणजे ड्रॅगन) तारकासमूह आठवला आणि त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. ड्रॅगनवर पांढऱ्याने करायच्या हल्ल्याला युगोस्लाव्ह हल्ला म्हणतात. १९५८ साली पोर्तोरोझच्या स्पर्धेत पंधरा वर्षांच्या बॉबी फिशरने बेंट लार्सनचा ड्रॅगन याच हल्ल्याने मोडून काढला होता. तेव्हापासून ‘ड्रॅगन खेळणं म्हणजे स्वतःच्या हाताने मात ओढवून घेणं’ असं सांगणारे लोक आहेत आणि तरीही ड्रॅगन खेळणारेही आहेत. मी दुसऱ्यांपैकी.

मला ज्या डावाबद्दल लिहायचंय तो एका रेटिंग स्पर्धेतला. प्रत्येकी नव्वद मिनिटं आणि चालीमागे तीस सेकंदांची भर, असा वेळ. माझ्यासमोर साठी ओलांडलेले एक गृहस्थ होते. रेटिंगने, म्हणजे खेळाच्या ताकदीच्या आकड्याने, माझ्यापेक्षा थोडे वर. हस्तांदोलन केलं, चष्मा पुसला, ई प्यादं दोन घरं पुढे ठेवलं आणि घड्याळ इतक्या हलक्या हाताने दाबलं की मला वाटलं दाबलंच नाही. मी सी५ खेळले. पाचव्या चालीला जी६ पाहून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उंट ई३ला काढला. मग एफ३, वजीर डी२, उंट सी४, वजिराच्या बाजूचा लांब किल्लेकोट. मी किल्लेकोट करून घोडा सी६ला, उंट डी७ला, हत्ती सी८ला आणला. त्यांनी उंट बी३ला मागे घेतला, मी घोडा ई५ला नेला. बाराव्या चालीला त्यांनी एच४ खेळलं.

इथे काळ्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे स्वतःही एच५ खेळून पांढऱ्याचं प्यादं जागच्या जागी अडवणं. अमेरिकन ग्रँडमास्टर अँड्र्यू सॉल्टिस यांचं नाव या वाटेला आहे आणि आज बहुतेक जण तीच पकडतात. दुसरी वाट जुनी आणि जास्त जोखमीची. घोडा सरळ सी४ला न्यायचा, पांढरा उंट त्याला मारतो, काळा हत्तीने तो उंट परत घेतो आणि मग पांढरा एचचं प्यादं फुकट देऊन टाकतो. एच५, घोड्याने ते घेतलं, जी४, घोडा परत एफ६ला. काळ्याला एक प्यादं मिळालं आणि पांढऱ्याला आपल्या हत्तीसमोर रिकामी झालेली एच फाईल.

मी ही जुनी वाट पकडली. कारण अगदी साधं आहे. बुद्धिबळाच्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता डाव याच वाटेने गेलेला आहे. तो डाव काळा हरला आहे, हे सांगायला हवंच.

१९७४ साली मॉस्कोत कँडिडेट्सच्या अंतिम सामन्यात अनातोली कार्पोव आणि व्हिक्टर कोर्चनॉय समोरासमोर होते. जो जिंकेल त्याला जगज्जेत्या फिशरशी खेळायचं होतं. पुढे १९७५ मध्ये फिशर पटावर आलाच नाही आणि कार्पोव न खेळता जगज्जेता झाला, म्हणजे एका अर्थाने जगज्जेतेपद याच सामन्यात ठरलं. चोवीस डावांपैकी एकोणीस बरोबरीत सुटले, तीन कार्पोवने जिंकले, दोन कोर्चनॉयने. त्यातल्या दुसऱ्याच डावात कोर्चनॉयने ड्रॅगन काढला. पंधराव्या चालीअखेर त्या डावातला पट आणि माझा पट घरन् घर सारखे आहेत.

सोळाव्या चालीला कार्पोवने डी४वरचा घोडा ई२ला मागे घेतला. ड्रॅगनवर हल्ला करायला निघालेला माणूस, एच फाईल उघडी, समोरचा राजा जवळजवळ उघडा, आणि हा मधोमध बसलेला आपला उत्तम घोडा एक पाऊल मागे नेतो! ही चाल तोवर माहीत नव्हती असं नाही. नवी होती ती एकोणिसावी, हत्ती डी३. कार्पोव ती घरून तयार करून आला होता. काळ्या घरांचे उंट मारामारीत गेले होते, पांढरा वजीर एच६वर पोहोचला होता, काळ्याने सी फाईलवर दोन्ही हत्ती एकामागे एक लावले होते. अशा वेळी तो हत्ती तिसऱ्या ओळीवर येऊन सी३च्या घोड्याला आडवी राखण देतो, त्यामुळे ई२चा घोडा त्या कामातून मोकळा होतो. मग जी५ देऊन काळा हत्ती आडबाजूला ओढून घेणं, हत्ती डी५ला देऊन पाचवी ओळ तोडणं, चोविसाव्या चालीला ई५ खेळून काळ्या वजिराचा जी५कडे जाणारा रस्ताच बंद करणं, आणि सत्ताविसाव्या चालीला वजीर एच८ शह. कोर्चनॉयने तिथे डाव सोडला. या डावातली प्रत्येक चाल दुसऱ्या कुठल्या तरी सोंगटीचं काम हलकं करते. मला तो लढाईपेक्षा कामांची फेरवाटणी वाटत आला आहे.

कितीतरी वेळा हा डाव मी पटावर मांडला होता. सोळाव्या चालीला घोडा ई२, हे माझ्या हाताला पाठ होतं. त्यापुढे काळ्याने कुठे वळावं, याचीही तयारी होती. घोडा मागे का गेला, हा प्रश्न मात्र मी स्वतःला कधी नीट विचारला नव्हता. कार्पोवची चाल आहे म्हणजे चांगली असणार, हे गृहीत होतं.

समोरच्या गृहस्थांनी सोळाव्या चालीला उंट थेट एच६ला ठेवला.

घोडा डी४वरच होता. कार्पोवची सतरावी चाल सोळाव्यालाच आली. मी स्कोअरशीटवर चाल लिहिली आणि पेन खाली ठेवलं. इथून पुढे मला काहीच पाठ नव्हतं.

तीव्र बचाव खेळणाऱ्यांबद्दल एक समज असा की सगळं घोकलेलं असतं, आणि जो जास्त घोकतो तो जिंकतो. बुद्धिबळ खेळणारी संगणकी इंजिनं आल्यापासून तर हा समज आणखी पक्का झाला आहे. कुणाही खेळाडूच्या फोनमध्ये आज जगज्जेत्यापेक्षा बलवान यंत्र आहे आणि त्याने सांगितलेल्या वीस-पंचवीस चाली पाठ करणं हे आता तयारीचं साधं माप झालं आहे. मला हे पाठांतर कमी लेखायचं नाही. त्याच्याशिवाय ड्रॅगनला हात लावणं धोक्याचं आहे. पण डावाची खरी सुरुवात मला कायम त्या पुढच्या चालीपासून वाटत आली आहे, जिथे आठवायला काही उरत नाही आणि पटावर जे आहे तेवढंच पाहायचं असतं. काहींना तिथे भीती वाटते. माझं डोकं तिथे शांत होतं.

तर मी पटाकडे पाहिलं. उंट एच६ला आला होता. पुढच्या चालीला उंटांची मारामारी, मग वजीर एच६ला. एच७च्या प्याद्याला एकच राखण होती, एफ६च्या घोड्याची. तो घोडा हलला की मात. हे सगळं दोन मिनिटांत दिसलं आणि त्याचा फारसा उपयोग नव्हता, कारण ड्रॅगनमध्ये हे कायमच दिसत असतं. मग मी उलट बाजूने विचार करायला लागले. कार्पोवला हीच चाल खेळायची होती, मग त्याने आधी एक चाल मागे जाण्यात का घालवली? ज्या ओपनिंगमध्ये एका चालीवर डाव फिरतो तिथे कार्पोवसारखा माणूस एक अख्खी चाल उगाच खर्च करणार नाही. घोडा ई२ला जाऊन काय करतो? ई२वरून तो सी३ राखतो. सी३चा घोडा मारला तर ई२चा घोडा तिथे येतो, बीचं प्यादं जागचं हलत नाही आणि राजासमोरची भिंत शाबूत राहते. शिवाय डी४ रिकामं झालं की सी४वरच्या काळ्या हत्तीला तिथे मारायला काही उरत नाही.

म्हणजे आत्ता, या क्षणी, ही दोन्ही कामं कुणीच करत नव्हतं. सी३ला फक्त बी२चं प्यादं आणि वजीर. डी४च्या घोड्यावर माझ्या हत्तीची नजर आडवी, आणि एफ६चा घोडा हलला तर जी७च्या उंटाचीही तिरपी.

मग डोळ्यांसमोर घोडा ई४ आला. मधलं प्यादं सरळ घ्यायचं, एफ प्याद्याच्या तोंडात घोडा ठेवायचा. तो एका वेळी डी२च्या वजिरावर आणि सी३च्या घोड्यावर चालून जातो, आणि मागे जी७च्या उंटाची रेघ उघडतो.

इथे मी वीसएक मिनिटं खर्च केली आणि ती मला अजून जशीच्या तशी आठवतात. समजा त्यांनी प्याद्याने किंवा सी३च्या घोड्याने तो घोडा मारला. मी हत्तीने डी४चा घोडा मारते. आता माझा हत्ती त्यांच्या वजिराच्या पुढ्यात उभा. वजिराने हत्ती मारला तर माझा उंट वजीर घेतो. त्यांनी जी७चा उंट मारला तर मी डी२चा वजीर घेते. मग वजीर पळणार कुठे? एच२ला, आणि तेही नुसता पळून नाही, एच७वर मात मारायची धमकी देत. या जागी मी अडकले. एच७ राखायला आता घोडा नाही. उंटांची मारामारी झाली की संपलंच. बराच वेळ मला इथे पुढे काही दिसेना. मी हा सगळा बेत सोडून साध्या चालीने उंट मारावा, मग घोड्याच्या भरवशावर एच७ सांभाळावं, असंही ठरवून झालं. आणि मग दिसलं की जी७चा उंट मारामारीची वाट पाहत तिथे बसून राहायला बांधलेला नाही. तो ई५ला येऊ शकतो. ई५वरून तो एच२च्या वजिरावर थेट चालून जातो. पांढऱ्याला पुन्हा वजीर हलवावा लागतो आणि मला हवी ती चाल मिळते.

उरली तिसरी शक्यता, वजीर ई३ला. तिथून तो ई४च्या घोड्यावरही रोखतो आणि एच६च्या उंटालाही धरून राहतो. पण मग हत्तीने सी३! त्या हत्तीची नजर आता तिसऱ्या ओळीवरून सरळ वजिरावर जाते. प्याद्याने घोडा मारला तर मी वजीर घेते, उंटाने जी७ मारला तरी वजीर घेते. म्हणजे बीच्या प्याद्याने हत्ती मारणं भाग. मग माझा घोडा गुपचूप एफ६ला परत. एच७ पुन्हा राखलेलं. हिशेब केला तर मी हत्ती देऊन घोडा आणि वर दोन प्यादी मिळवली होती, आणि पांढऱ्या राजासमोरचं बी प्यादं सी३ला जाऊन तिथे दुहेरी प्याद्यांची ओळ उरली होती. हे जिंकणारं आहे की नाही, हे मला ठरवता आलं नाही. त्या जागी बसून कुणालाच ठरवता आलं नसतं. पण खेळण्यासारखं आहे, एवढं नक्की होतं.

नियमाप्रमाणे चाल आधी खेळायची आणि मग लिहायची. आधी लिहून पाहायला बंदी आहे. पूर्वी आधी लिहून, त्या कागदावरच्या चालीकडे पुन्हा एकदा पाहून मग हात लावायची सवय अनेकांना होती म्हणे. मला त्या दिवशी ती मुभा हवी होती. घोडा उचलला. ई प्यादं बाहेर काढलं, घोडा त्याच्या जागी ठेवला, घड्याळ दाबलं आणि मग लिहिलं.

त्यांनी फार वेळ घेतला नाही. वजीर ई३. मी हत्तीने सी३. प्याद्याने हत्ती. घोडा एफ६. मग उंटांची मारामारी झाली आणि माझा राजा जी७ला आला. त्यांनी हत्ती एच२ला आणला, मागे दुसरा उभा करायचा म्हणून. मी वजीर ए५ला नेला, सी३ आणि ए२ या दोन्ही दुबळ्या प्याद्यांवर. त्यांनी घोड्याने मला हटकलं, मी ए२ घेतलं, त्यांनी ई७ घेतलं. मग वजीर पटावरून गेले आणि एवढा वेळ एकमेकांच्या राजाच्या मागे लागलेल्या आम्हा दोघांना एकदम शांत अंत्यडाव मिळाला. त्यांचे दोन हत्ती आणि घोडा, माझ्याकडे एक हत्ती, उंट, घोडा आणि प्याद्यांची आघाडी. तो अंत्यडाव लांबला, दोघांनीही तो नेटाने खेळला आणि तीच मांडणी तीनदा आल्यावर बरोबरी झाली. त्या भागाबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं आहे ते त्यानंतरचं. विश्लेषणासाठी बाजूच्या खोलीत पट मांडलेले होते. आम्ही तिथे बसलो आणि समोरच्या काकांनी सोंगट्या थेट सोळाव्या चालीवर लावल्या. अधलंमधलं त्यांनी विचारलंच नाही.

“घोडा ई४ तुम्हाला माहीत होता?” त्यांनी विचारलं.

“नाही, काका. मी घोडा ई२ची वाट पाहत होते.”

“मग इतका वेळ तेच शोधत होतात?”

मी हो म्हटलं. ते खूश झाले. अगदी मनापासून खूश झाले, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी सांगितलं की ही चाल पुस्तकांमध्ये आहे, उंट एच६ घाईचा आहे आणि काळ्याला घोडा ई४ची संधी देतो, हे त्यांना वर्षानुवर्षं माहीत आहे. तरीही ते तोच खेळतात. “कार्पोवचा डाव सगळ्यांना पाठ असतो. घोडा ई२ खेळलं की समोरचा पटापट खेळत जातो. मला त्याच्या पाठांतराशी खेळायचं नाही. उंट एच६ टाकला की समोरच्याला थांबावं लागतं. बहुतेक जण उंट मारतात, वजीर एच६ला येतो आणि मग माझा हल्ला चालतो. काही जणांना घोडा ई४ माहीत असतो, ते लगेच खेळतात. बसून शोधणारे कमी.”

मला हे फार भावलं. एखादी चाल दुबळी आहे हे माहीत असूनही, समोरच्याला विचार करायला लावते म्हणून ती खेळायची! इंजिन या गोष्टीला किंमत देणार नाही, कारण इंजिनासमोर माणूस बसलेला नसतो. काकांच्या चालीचं मोल घड्याळात आणि समोरच्याच्या डोक्यात होतं.

मग आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक फांदी पाहिली. प्याद्याने ई४, हत्तीने डी४, वजीर एच२, उंट ई५. इथे त्यांनी सोंगटी हातात धरून म्हटलं, “ही उंट ई५ सापडल्याशिवाय घोडा ई४ खेळायचा नाही. पुष्कळ जण पहिली चाल पाहतात आणि ही पाहत नाहीत.” पण मला सर्वांत जास्त त्यांचं एक बोलणं आवडलं. सोंगटी कुठे जाते हे सगळेच पाहतात, ती कुठून निघते तिकडे लक्ष राहत नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी विश्वनाथन आनंदचा डाव काढला.

१९९५ साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये कास्पारोव आणि आनंद यांचा जगज्जेतेपदाचा सामना झाला. पहिले आठ डाव बरोबरीत, नववा आनंदने जिंकला, दहावा कास्पारोवने. अकराव्या डावात कास्पारोवने ड्रॅगन काढला. नायडॉर्फ या सिसिलियनच्याच दुसऱ्या प्रकारावर वाढलेल्या कास्पारोवकडून आनंदला ही अपेक्षा नव्हती. तरी आनंदने ओपनिंग नीट निभावलं, वजीर लवकर गेले, अंत्यडावात त्याचा घोडा डी५वर मजबूत बसला होता आणि काळ्याचा उंट ई६वर. अठ्ठाविसाव्या चालीला त्याने बी४ खेळून काळ्या हत्तींशी झगडा सुरू केला. तिसाव्या चालीला सी४वरच्या हत्तीवर चालून जायला त्याने घोडा डी५वरून बी६ला उडवला. घोडा गेला त्या घराकडे पाहिलं तर चाल वाईट दिसत नाही, हत्तीवर हल्ला आहे. पण डी५वर बसून तो घोडा एक काम करत होता, ई६च्या उंटाची ए२पर्यंत जाणारी रेघ अडवायचं. घोडा उठला आणि रेघ उघडली. कास्पारोवने हत्तीने बी४ घेऊन शह दिला, राजा ए३ला गेला, दुसऱ्या हत्तीने सी२ घेतलं. पांढऱ्याने तो हत्ती मारला तर पहिला हत्ती बी३ला शह देतो, राजा ए२ला येतो आणि मग तो हत्ती ई३ला सरकून उंटाचा उघडा शह देत ई१चा हत्ती घेऊन जातो. आनंदने तिथेच डाव सोडला. एकतीस चाली. पुढे कास्पारोवने तेरावा डावही ड्रॅगननेच जिंकला आणि सामना साडेदहा विरुद्ध साडेसात असा संपला.

हा डाव मी अनेकदा पाहिला होता आणि दर वेळी हळहळले होते. आपला माणूस, जगज्जेतेपदाचा सामना, आणि एका चालीत सगळं गेलं. पण काकांनी त्याच्याकडे पाहायची जागाच बदलली. डी५चा घोडा बी६ला गेला तेव्हा त्याचं अडवायचं काम सुटलं. माझ्या डावात डी४चा घोडा ई२ला गेलाच नाही म्हणून सी३ राखायचं काम कुणी हाती घेतलं नाही. दोन्हीकडे सगळा निकाल घोड्याने सोडलेल्या किंवा न घेतलेल्या कामात होता. पटावर हे काम दिसत नाही. सोंगटी दिसते, तिचा रंग दिसतो, ती कुणावर चालून जाते ते दिसतं. ती शांत बसून काय धरून ठेवते आहे, हे ती हलेपर्यंत डोळ्यांना जाणवतच नाही. ड्रॅगनसारख्या ओपनिंगचं मला आकर्षण आहे ते याचमुळे. शांत डावात एखादं काम सुटलं तर पंधरा चालींनी त्याचा त्रास होतो आणि तोवर कारण विसरलेलं असतं. ड्रॅगनमध्ये पुढच्याच चालीला हिशेब होतो. त्यामुळे कारण शिकायला यासारखी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि नवशिक्यांना ड्रॅगनपासून दूर ठेवावं या सर्वमान्य सल्ल्याशी मी याच कारणासाठी सहमत नाही. मुलं हरतील, वीस चालींत मात खातील, पण कशामुळे हरलो हे त्यांना बोट ठेवून दाखवता येईल.

घरी येऊन मी इंजिन लावलं. माझा घोडा ई४ त्याला पसंत होता, नंतरच्या काही चालींवर त्याने नाक मुरडलं, ते आकडे पाहून मी ते बंद केलं आणि लाकडी पट काढला. कार्पोव-कोर्चनॉय, दुसरा डाव, सोळावी चाल. आता घोडा ई२ला नेताना हाताला माहीत होतं की तो कशाला जातो आहे. आणि त्यासोबतच दुसरा प्रश्न आला, जो आजवर सुचला नव्हता. ई२ला जाऊन घोडा सी३चं काम घेतो, हे खरं. मग डी४वर असताना तो जे काम करत होता ते सोडूनच जातो ना? डी४वरून तो ई६ धरत होता, बी५ धरत होता, एफ५कडे पाहत होता. तो गेल्यावर ई६ मोकळं होतं. कोर्चनॉयचा उंट त्या डावात डी७वरच थांबला आणि तेविसाव्या चालीला सी६ला गेला.

मी सध्या उंट ई६ला नेऊन पाहते आहे. कार्पोवच्या हत्ती डी३समोर तो किती टिकतो, ते अजून ठरत नाही. ए२चं प्यादं त्याच्या रेघेत येतं, पण मध्ये माझाच सी४चा हत्ती उभा असतो, त्याला आधी बाजूला करावं लागतं आणि त्यात एक चाल जाते. त्या एका चालीत पांढरा जी५ खेळतो. काकांचा नंबर मी घेतला आहे. परवा त्यांना ही जागा पाठवली, तर तासाभरात उत्तर आलं, “आधी हत्ती सी५ला आणून पाहा.” कोर्चनॉयने तेच केलं होतं, असं मी लिहिलं. त्यावर ते म्हणाले की त्याने आणला ते ठीक, पण पुढे जी५चं प्यादं त्याच हत्तीने मारायलाच हवं होतं का, ते आधी तपासा. आता मी तेच तपासते आहे.